हळूकाकांचा हात

“काका, पाला बाद झाला,” पालेवाली म्हणाली आणि हातातली प्लॅस्टिकची ताटली तिनं खिडकीच्या उजेडात धरली.

हळूकाकांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी काढलेली रजा संपवून ते नुकतेच प्रयोगशाळेत पाऊल टाकत होते. नातीचे फोटो दाखवायचे, ती नाकाडोळ्यांनी कुणावर गेली आहे यावरून चार जणांशी हुज्जत घालायची, असा सगळा बेत त्यांनी वाटेत आखला होता. तो बेत दारातच राहिला. ताटली जांभळी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीच्या सगळी जांभळी, आणि तसं व्हायला नको होतं.

हे जांभळं प्रकरण काय आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बरेच दिवस न घासलेल्या पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की जी बुळबुळ हाताला लागते, ती आपण घाण म्हणून धुऊन टाकतो. खरं तर ती जंतूंची वस्ती असते. जंतू पाण्यात सुटे तरंगत असतात तोवर त्यांना मारणं सोपं. एकदा का त्यांनी भिंत धरली, अंगावर चिकट पांघरूण ओढून घेतलं आणि दाटीवाटीनं संसार थाटला, की मग ते भल्याभल्या औषधांना दाद देत नाहीत. पुस्तकात या वस्तीला जैवपटल म्हणतात. हळूकाका बुळबुळच म्हणत, आणि त्यांच्यामुळे विभागातले निम्मे लोकही तेच म्हणू लागले होते.

पालेवाली म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण पहिल्याच आठवड्यात ती पोतंभर पाला पाठीवर टाकून जिना चढून आली आणि तेव्हापासून ते नाव हजेरीपटावरच राहिलं. पाला कुठला, तर कुंपणाला लावतात त्या एका झुडपाचा, ज्याला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. लहानपणी तिनं पाहिलं होतं की नाल्यात बाकी सगळा पालापाचोळा सडून बुळबुळीत होतो, पण या झुडपाची पानं तशीच खरखरीत राहतात. एवढ्याशा आठवणीवर तिनं आयुष्याची तीन वर्षं लावली होती. पाला वाळवायचा, दळायचा, त्याचा अर्क काढायचा आणि ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत जंतूंबरोबर घालायचा. जंतू सगळ्या खळग्यांत, पण अर्ध्यांत अर्क आणि अर्ध्यांत त्याऐवजी नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी ताटली धुवायची आणि जांभळा रंग घालायचा. जिथं बुळबुळ भिंतीला धरून असेल तिथं रंग बसतो, जिथं नसेल तिथं खळगा स्वच्छ राहतो. पहिली दोन वर्षं अर्क नीट निघेपर्यंतच गेली, ताटल्या सुरू झाल्या त्या गेल्या वर्षी, आणि तेव्हापासून दर वेळी पाण्याचे खळगे जांभळे यायचे आणि पाल्याचे स्वच्छ. आता सगळेच जांभळे आले होते.

“नवी पोती आणली होतीस का?” काकांनी विचारलं.

नाही, तिनं सांगितलं. पाला तोच, अर्काची बाटलीही तीच, जंतूही तेच. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा हेच. अर्क शिळा झाला असणार, दुसरं काय. आणि नेमका आताच, लेख पाठवायचा शुक्रवार तोंडावर आला असताना. तिचा चेहरा पार उतरला होता. काकांनी धीर देण्यासाठी तोंड उघडलं आणि सहज विचारलं, “धुतलं कुणी? म्हणजे, ताटल्या कुणी धुतल्या?”

“मीच. तुम्ही शिकवलंय तशा. अगदी हळू.”

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि ते खाली बसले.

हळूकाकांना हळूकाका का म्हणत, हे सांगायला नको, पण सांगतो. ते या विभागात लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि तोंडात एकच शब्द होता, “हळू.” कुणी काचेची नळी उचलली, हळू. कुणी दार लोटलं, हळू. नवीन मुलं आली की ते त्यांना मागच्या खोलीतल्या मोरीपाशी नेत, स्वतः ताटली पाण्यात बुडवून, निथळून, कागदावर अलगद उपडी करून दाखवत आणि म्हणत, “हळू. आत जिवंत माणसं आहेत असं समजायचं.” मुलं हसत, पण शिकत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता केस पिकलेले प्राध्यापक झाली होती आणि आपापल्या विद्यार्थ्यांना तेच सांगत होती. दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा गर्व काकांना नव्हता. घराचा नाही, शिक्षणाचा तर नाहीच. हाताचा मात्र होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

आता लपवत होते. गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरायला लागला होता. गंमत अशी की नुसता मांडीवर ठेवला तर हात शहाण्या मुलासारखा पडून राही. काही उचललं, धरलं, नेम धरला, की सुरू. डाव्यापेक्षा उजवा जास्त. थेंब मोजून घालायचं बारीक काम त्यांनी चष्म्याचं निमित्त काढून मुलांवर सोपवलं. रजिस्टरवर सही करायची असली की ते आसपास कुणी नाही असं पाहून करत. धुण्याचं काम तेवढं त्यांनी ठेवलं, कारण मागच्या खोलीत मोरीकडे तोंड करून उभं राहिलं की दारातून फक्त पाठ दिसते. पाठ काही थरथरत नव्हती. डॉक्टरकडे जायचा विचार त्यांनी बराच वेळ केला आणि तो विचारच पुरेसा आहे असं ठरवून टाकलं. शेजारच्या गल्लीतल्या एका शिक्षकांना कंपवात झाला होता. त्यांचं पुढं काय झालं ते काकांनी पाहिलं होतं, आणि तेच डॉक्टरच्या तोंडून ऐकायची त्यांची छाती नव्हती.

घरी कुणाला पत्ता नव्हता. बायको शिवणकाम करायची, दिवसभर खिडकीपाशी मान खाली घालून बसायची, तिला कुठं दिसतंय, असं त्यांचं मत. हल्ली ती त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची. पित्तासाठी असेल, असा निवाडा त्यांनी करून टाकला. शर्टांची बटणं काढून तिनं टिचबटणं लावली, तेव्हा ते थोडे वैतागले, या वयात कसली हौस, असं पुटपुटले आणि गप्प बसले. खरं तर टिचबटणं बरी पडत होती.

तर अशी सगळी परिस्थिती. पालेवालीच्या सगळ्या ताटल्या आजवर काकांनी धुतल्या होत्या. ते रजेवर गेले, तिनं स्वतः हळू धुतल्या, आणि पाल्याचा सगळा गुण निघून गेला. काकांना हिशेब लावायला वेळ लागला नाही. त्यात आणखी एक गोष्ट त्यांना आठवली. ती पाण्याच्या ओळी नेहमी डावीकडे घालायची आणि पाल्याच्या उजवीकडे. ताटलीचा उजवा कोपरा काका उजव्या हातात धरत. म्हणजे जिथं पाला, तिथं त्यांचा हात जास्त थरथरणार. बुळबुळ पाल्यानं जात नव्हती, त्यांच्या हातानं झडत होती. तीन वर्षांचं काम म्हणजे एका म्हाताऱ्याच्या हाताचा थरकाप, बाकी काही नाही.

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, पण पालेवालीच म्हणाली, काका, आता तुम्ही आलात, उद्याच्या ताटल्या तुम्हीच धुवा, मला मेलीला काही जमत नाही. नाही म्हणायला कारण काय सांगणार? त्यांनी धुतल्या. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं, श्वास रोखला, तरी पाणी हललंच. रंग घातला. पाण्याचे खळगे जांभळे आले, पाल्याचे स्वच्छ.

पालेवालीनं ताटली पाहिली आणि ती अक्षरशः उडीच मारायची बाकी राहिली. सगळ्या प्रयोगशाळेत तिनं बिस्किटं वाटली. काकांच्या हातावर बिस्किट ठेवत ती म्हणाली, “काका, तुमच्या हाताला यश आहे हो.”

काकांनी बिस्किट कोटाच्या खिशात टाकलं. ते मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. गप्प बसणं किती सोपं होतं, हे त्यांना दिसत होतं. मुलगी खूश, विभागप्रमुख खूश, लेख छापून आला असता, ती डॉक्टर झाली असती, आणि ते स्वतः वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होऊन नातीला खेळवत बसले असते. कुणाला कधी कळलंही नसतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून थोरला भाऊ हलेना. शेवटच्या आजारपणात भावाला लघवीची नळी लावली होती. नळीच्या आत बुळबुळ धरायची, ताप चढायचा, नळी बदलायची, पुन्हा बुळबुळ, पुन्हा ताप. शेवटी भाऊ मूळ आजारानं नव्हे, त्या तापानंच गेला. पालेवालीच्या लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की असल्या नळ्यांना आतून या अर्काचा लेप देता येईल. काकांनी ते वाचलं होतं, आणि वाचून एकदा डोळे पुसले होते. आता खोट्या पाल्याचा लेप दिलेली नळी कुणाच्या तरी थोरल्या भावाला लागेल आणि तो तापात बडबडत असताना घरचे लोक पाल्यावर विसंबून बसतील. हे काकांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठ्या बाई आणि पालेवाली लेखाचा शेवटचा खर्डा घेऊन बसल्या होत्या तेव्हा, हळूकाका त्यांच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. उंच, करड्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर मोठमोठे प्राध्यापक वाक्य विसरत. काका जाताना हातात एक ताटली घेऊन गेले होते. तिचे सगळे खळगे त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरले होते. ती त्यांनी बाईंच्या टेबलावर, कागदांच्या वर, हात लांब करून अधांतरी धरली.

पाणी थरथरायला लागलं. आधी उजवीकडचे खळगे, मग सगळेच. थेंब टपटप खर्ड्यावर पडले. पालेवालीनं कागद ओढायला हात पुढं केला आणि तसाच थांबवला.

“लेख पाठवू नका,” काका म्हणाले. “त्यात पाल्याचं काही नाही. ते सगळं माझ्या हातानं केलंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कधीपासून, कसं लपवलं, उजव्या ओळींचं काय. एकही शब्द त्यांनी हातचा राखून ठेवला नाही. सांगताना त्यांनी पालेवालीकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमत नव्हती. बाईंनी त्यांच्या हातातली ताटली काढून घेऊन खाली ठेवली आणि विचारलं, आधी का बोलला नाहीत.

“बाई, सगळे मला हळू म्हणतात,” काका म्हणाले. “कुठल्या तोंडानं सांगू?”

पालेवाली खुर्चीवर बसून ओल्या खर्ड्याकडे बघत होती. तिला रडू येत नव्हतं, त्याच्या पुढचं काहीतरी होत होतं. काकांना वाटलं, हिनं आता आपल्याला दोन शब्द सुनावावेत, म्हणजे बरं वाटेल. तिनं सुनावले नाहीत. ती फक्त म्हणाली, “मी तुमचं बघून बघून शिकले, काका. मला एवढंही दिसलं नाही.”

बाई उठल्या. चिडल्या असाव्यात असं वाटत होतं, पण त्या चिडल्या की आवाज चढवत नसत, हळू बोलत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. पाण्याच्या ओळी आणि पाल्याच्या ओळी एकाच ताटलीत असतात ना? असतात, काका म्हणाले. मग हात थरथरला तो दोन्हीकडे थरथरला. उजवीकडे थोडा जास्त असेल. पण डावीकडची बुळबुळ जरासुद्धा झडली नाही, ती का? ते बाईंनाही माहीत नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलंही. मग त्या पालेवालीला म्हणाल्या, “आज ताटल्या लाव. निम्म्यांत पाला डावीकडे घाल, निम्म्यांत उजवीकडे. कुठं काय आहे ते काकांना सांगू नकोस. काही तू धू, काही ते धुतील. आणि काका, मनगट आवळायचं नाही. हात हलेल तसा हलू द्या.”

काका दरवाज्यापाशी पोचले तेव्हा बाईंनी त्यांना पुन्हा थांबवलं आणि उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे जायचं, मग इकडे यायचं, हे असं सांगितलं की त्यात विनंती कुठंच नव्हती.

डॉक्टर तरुण होता आणि त्याला घाई नव्हती, हे काकांचं नशीब. त्यानं काकांना कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं. या ग्लासातलं पाणी त्या ग्लासात ओतायला लावलं, त्यातलं बरंचसं त्याच्या टेबलावर सांडलं, त्यानं ते मनावर घेतलं नाही. हात नुसता मांडीवर ठेवल्यावर थरथरतो का, हे बराच वेळ पाहत बसला. काकांना चालवलं, फिरवलं, पाठीमागून हलकेच ढकललं. मग विचारलं, घरात आणखी कुणाचा हात असा थरथरत होता का. काकांना एकदम वडिलांची सही आठवली. म्हातारपणी ती इतकी वाकडीतिकडी यायची की पोस्टातला माणूस दर वेळी चष्मा पुसून बघायचा. घरात सगळे त्यावरून हसायचे, वडीलसुद्धा हसायचे, आणि ते नव्वदी गाठून गेले होते.

मग तेच हे, डॉक्टर म्हणाला. घराण्यातून आलेला कंप. तुम्ही ज्याला घाबरून बसलाय तो आजार हा नव्हे. हा वाढेल थोडा, त्रास देईल, पण याला घाबरून बसायचं कारण नाही. हवं तर औषध देतो.

काकांनी डॉक्टरला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाहेर येऊन ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्यायला त्यांना पाय आवळून घ्यावे लागत होते, तरी ते उठले नाहीत. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता आणि आता या मोकळ्या छातीचं काय करायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांना पालेवालीची आठवण झाली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण सुटलो, तिचं काय?

प्रयोगशाळेत ताटल्या तयार होत्या. काकांनी आपल्या वाट्याच्या धुतल्या. मागच्या खोलीत आज ते एकटे नव्हते. बाई दाराला टेकून उभ्या होत्या आणि पालेवाली शेजारी. पहिल्यांदाच त्यांनी हात हवा तसा थरथरू दिला. पाणी नाचलं, मोरीत सांडलं, त्यांच्या पांढऱ्या कोटावर उडालं. पालेवालीनं तिच्या ताटल्या धुतल्या, हळू, अगदी त्यांच्या जुन्या हातानं धुतल्यासारख्या. काकांना ते पाहताना फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

रंग घालून, पुन्हा धुऊन ताटल्या उजेडात मांडल्या तेव्हा तिघंही आपोआप वाकून पुढं आली.

पालेवालीनं धुतलेल्या ताटल्या सगळ्या जांभळ्या होत्या, पाला असो की पाणी. काकांनी धुतलेल्या ताटल्यांत मात्र कुठं डावी बाजू स्वच्छ होती, कुठं उजवी. पालेवालीनं कुठं काय घातलं होतं ते एकेक करून वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज आधी बारीक होता, मग आणखी बारीक झाला आणि मग फुटला. जिथं पाला होता तिथंच स्वच्छ होतं. पाला डावीकडे तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. पाण्याची बुळबुळ काकांच्या सगळ्या थरथरीला पुरून उरली होती.

बाईंनी एक ताटली उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. प्रयोगशाळेत त्यांना असं बसताना काकांनी कधी पाहिलं नव्हतं.

“पाला तिला मारत नाही,” त्या पालेवालीला म्हणाल्या. “वाढूही देतो. पण तिची पकड सैल करतो. वरून ती दिसते तशीच, भिंतीला चिकटलेली. तू अलगद धुतलंस म्हणून ती तशीच बसून राहिली. जरा हलवलं की सुटते. पाण्याची सुटत नाही.”

पालेवाली आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. लेखाचं अर्धं पुन्हा लिहावं लागणार होतं, पाला वाढ रोखतो असं जिथं जिथं लिहिलं होतं ते सगळं खोडावं लागणार होतं, शुक्रवार तर गेलाच होता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती काकांना म्हणाली की रोग्याच्या नळीतून तर लघवी सारखी वाहतच असते, आणि तो कुशीवर वळला की नळी हलतेही. सैल झालेली बुळबुळ तिच्याबरोबर जाईल, निदान जाते का ते बघता तरी येईल. काकांनी मान हलवली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना इतकी वर्षं नुसतं ऐकून माहीत होतं.

पण शास्त्राच्या लेखात हळूकाकांचा हात लिहिता येत नाही. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेनं तो कुठून आणायचा? त्याला यंत्र लागतं. यंत्र विभागात होतं. वरच्या फळीवर कापडाखाली झाकलेलं, कधीतरी आणलेलं आणि हळूकाकांचा हात असताना कशाला हवं म्हणून कधीच न वापरलेलं. काकांनीच ते खाली उतरवून घेतलं, पुसलं, मोरीशेजारी मांडलं. वर ताटली ठेवायची, पुढचं बटण फिरवायचं, की ते ताटली हलवू लागतं. जेवढं बटण फिरवावं तेवढं जोरात.

“किती ठेवू?” पालेवालीनं विचारलं.

काकांनी तिला बाजूला केलं आणि स्वतः बटण धरलं. यंत्र गुरगुरलं. भरलेल्या खळग्यांतलं पाणी जोरात उसळलं. फार झालं, ते म्हणाले, आणि मागं फिरवलं. आता ते फारच मंद झालं. थोडं पुढं, आणखी थोडं. मग त्यांचा हात थांबला. पाण्यावर ती बारीक, घाईघाईची, सारखी येणारी थरथर उठत होती. वर्षभर ते जिच्यापासून तोंड लपवत होते ती त्यांच्यासमोर मोरीशेजारी बसून आपलं काम करत होती, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही दिसत नव्हतं.

“हां,” ते म्हणाले. “हा माझा.”

पालेवालीनं बटणावरचा आकडा लिहून घेतला. त्यानंतर ताटल्या यंत्र धुणार हे ठरलंच. काकांनी ताटल्या बुडवायचा आपला टब कोपऱ्यात उपडा करून ठेवला, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि नव्या मुलांना शिकवायचं काम आपल्याकडे आहेच, असं स्वतःला दोनदा सांगितलं. ते खरंही होतं. तरी उपड्या टबाकडे बघून त्यांना थोडं गलबलून आलंच.

घरी पोचले तेव्हा बायको खिडकीपाशी शिवत होती. तिला सांगायचं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं आणि वाक्यही जुळवलं होतं. ते तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “अगं, माझा हात थरथरतो.”

बायकोनं दातानं दोरा तोडला. “माहितीये,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“टिचबटणं कशाला लावली मग? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. सांगितलं नाहीत, म्हणून मीही नाही विचारलं.” तिनं सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. ती खोचताना तिचा हात अगदी स्थिर होता, पण आवाज स्थिर नव्हता. “डॉक्टर काय म्हणाला?”

काकांनी सांगितलं, वडिलांच्या सहीसकट सगळं. ती ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसल्यासारखं करून उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आली. कप नेहमीसारखा अर्धा होता.

काकांनी त्या कपाकडे बघितलं. पित्ताचा आपला निवाडा त्यांना आठवला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

“भर,” ते म्हणाले. “पूर्ण भर.”

तिनं किटली आणली आणि कप काठोकाठ भरला. काकांनी तो उजव्या हातानंच उचलला. चहा हिंदकळला, बशीत सांडला, थोडा शर्टावर आला. बायकोनं मदतीला हात पुढं केला नाही. ती समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते सावकाश, एकेक घोट करत, सगळा चहा प्यायले. बशीतलाही.